हप्ता आला का? पीएम किसान, नमो आणि बाकीच्या सरकारी पैशांचा एका सोयाबीनवाल्याकडून रिव्ह्यू

आधी स्टार सांगून टाकतो, मंग ज्याला वाचायचं त्यानं खाली वाचावं. पीएम किसान, म्हणजे केंद्राचा शेतकरी सन्मान निधी, साडेतीन. नमो, म्हणजे तसाच राज्याचा, तीन. कापूस-सोयाबीनचं अर्थसहाय्य दोन. अतिवृष्टीची मदत अडीच. आणि तक्रार निवारण म्हणून जे काय आहे त्याला एक, तो पण शून्य स्टार द्यायची सोय नसते म्हणून.

मी लातूर भागातला, कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, जमिनीत ओल राहिली तर मागून हरभरा. योजना सुरू झाल्यापासूनचा गिऱ्हाईक आहे मी. त्यात गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं मोबाईल घेऊन माझ्याकडंच येतात, ओटीपी बघ, हप्ता आला का बघ, हे इंग्रजीत काय आलंय ते सांग. त्यामुळं हे एकट्या माझ्या खात्याचं रडगाणं नाही, बऱ्याच जणांचं स्टेटस बघून बघून झालेलं मत आहे.

कौतुक आधी करतो कारण ते खरंच करण्यासारखं आहे. १ फेब्रुवारी २०१९ ला अंतरिम बजेटमध्ये पीएम किसानची घोषणा झाली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला गोरखपूरहून पहिला हप्ता सुटला पण. इलेक्शन तोंडावर होतं म्हणा, तरी सरकारी काम आणि महिन्याच्या आत पैसे हे आमच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, अंदाजे चार महिन्याला एक. सुरुवातीला दोन हेक्टरच्या आतल्यांनाच होतं, मंग त्याच वर्षी जूनपासून जमिनीची मर्यादा काढली. मधी कुणी नाही. सोसायटीचा सेक्रेटरी नाही, कुणाला चहा पाजायचा नाही, कुणाच्या गाडीवर मागं बसून तालुक्याला जायचं नाही. जुन्या काळात दुष्काळाचं अनुदान आलं की बँकेच्या पायरीवर सकाळपासून टोप्या आणि पदर बसलेले असायचे आणि तीन वाजता शिपाई येऊन सांगायचा की आज कॅश संपली, उद्या या. ते सगळं बंद झालं. आता मोबाईल टिंग करतो, बास. ज्याचं सगळं जुळलेलं आहे त्याच्यासाठी ही सर्व्हिस एक नंबर आहे, आणि हे मी उपहासानं म्हणत नाही.

गोची अशी की ‘ज्याचं सगळं जुळलेलं आहे’ एवढ्या चार शब्दात अर्धं गाव अडकलंय.

जुळायला काय काय लागतं ते बघा. आधार कार्डावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव एकसारखं पाहिजे. आमच्याकडं आधारवर ‘दगडूबाई’, सातबाऱ्यावर ‘दगडाबाई’ आणि पासबुकावर नुसतं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, अशी बाया-माणसं ढिगानं सापडतील. मंग ई-केवायसी, म्हणजे हा माणूस तोच आहे याची आधारवरून खात्री. आधी ओटीपीनं किंवा अंगठ्यानं व्हायची, ज्या माणसानं चाळीस वर्षं खुरपं धरलंय त्याच्या अंगठ्यावर रेषा कुठून येणार, मशीन नुसती लाल व्हायची. २०२३ मध्ये ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसीची सोय केली हे चांगलं केलं, त्याला अर्धा स्टार तिथंच दिलाय मी, घरबसल्या म्हातारीला अंगणात उजेडाला बसवायचं, डोळे मिचकाव म्हणायचं आणि झालं. त्यानंतर लँड सीडिंग, म्हणजे तुमची जमीन तुमच्या रजिस्ट्रेशनला जोडलेली आहे का. आणि शेवटी बँक खातं आधारला सीड, म्हणजे जोडलेलं आहे का.

पोर्टलवर स्टेटस बघायची सोय आहे, रजिस्ट्रेशन नंबर टाकायचा, कॅप्चा भरायचा (तो कॅप्चा माणसाला वाचता येईल असा का ठेवत नाहीत देव जाणे), ओटीपी टाकायचा, की समोर येतं, ई-केवायसी येस, लँड सीडिंग येस, बँक सीडिंग येस. तीन येस असले की निवांत झोपायचं. खाली हप्त्याच्या तिथं ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ आणि मंग ‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ असं येतं, म्हणजे राज्यानं सही केली, आता पैसे सुटायच्या वाटेवर आहेत. आमच्या गल्लीतल्या चौथी शिकलेल्या माणसांना पण आता एफटीओ, म्हणजे पैसे सोडायचा हुकूम, कळतो. ‘तुझा एफटीओ पडला का’ असं विचारतात एकमेकाला, पेरणी झाली का विचारावं तसं. एवढं उघड स्टेटस मी दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्यात बघितलेलं नाही, रेशनकार्डाला लावलेली फाईल कुठं आहे हे अजून कुणी सांगत नाही.

आता तिथं एक ‘नो’ आला की काय होतं ते सांगतो, खरा रिव्ह्यू इथून पुढं आहे.

आमच्या घरात एका खात्याला लँड सीडिंग ‘नो’ आला. जमीन तीच, सातबारा तोच, त्याच्या आधी हप्ते व्यवस्थित येत होते आणि एका हप्त्यापासून बंद. सेवा केंद्रात गेलो तर म्हणे हे आमच्या लॉगिनला दुरुस्त होत नाही, वर जा. एका ऑफिसात गेलो तर म्हणे जमिनीचं रेकॉर्ड आमचं पण पोर्टल आमच्याकडं नाही. दुसऱ्या ऑफिसात गेलो तर म्हणे पोर्टल आमच्याकडं पण जमिनीची खात्री तिकडून लिहून आणा. दोघं पण खोटं बोलत नव्हते, हेच तर अवघड आहे. मुळात सुरुवातीला पीएम किसानचं काम महसूलकडं होतं, पुढं ते कृषी खात्याकडं आलं, पण सातबारा, आठ अ, फेरफार हे सगळं महसूलकडंच राहिलं. म्हणजे कुलूप एका घरी आणि चावी दुसऱ्या घरी. कागद दिले, पोहोच कुणी दिली नाही, मागितली तर असं बघितलं की मीच काहीतरी वाईट बोललो. हेल्पलाइन आहे १५५२६१, लागली की सांगतात तुमची तक्रार नोंदवली, जिल्ह्याकडं पाठवली. जिल्हा म्हणतो तालुका. तालुका म्हणतो पोर्टलला रिक्वेस्ट टाकली. मंग एक दिवस आपोआप ‘येस’ झाला, कुणी केला, कधी केला, आधी ‘नो’ का झाला होता, काहीच कळलं नाही. मागचे तुंबलेले हप्ते आले हे मात्र खरं, आणि ते आल्यावर राग निम्मा गेला हे पण खरं.

माझं म्हणणं एवढंच की पैसे पाठवायचं काम त्यांनी कॉम्प्युटरला दिलं आणि ते झकास झालं, पण अडकलेलं सोडवायचं काम कुणालाच दिलं नाही. गावात तलाठी आहे (आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय), कृषी सहायक आहे, सेवा केंद्रवाला आहे, बँकेचा माणूस आहे, आणि चौघांपैकी एकाच्या पण हातात ते बटण नाही. पहिलं कसं, साहेब चुकला तर साहेबाशी भांडता तरी यायचं. आता साहेब पण आपल्यासारखाच स्क्रीनकडं बघून म्हणतो, दिसतंय खरं ‘नो’, काय करावं.

पात्रतेच्या अटींवर थोडं, कारण लोकांचा इथं लई गोंधळ आहे. इन्कम टॅक्स भरणारा बाद, सरकारी नोकरीवाला बाद, दहा हजार किंवा वर पेन्शनवाला बाद (शिपाई, चतुर्थ श्रेणी सोडून), डॉक्टर, वकील, इंजिनियर, सीए बाद, आमदार-खासदार तर बादच. हे पटण्यासारखं आहे. सुरुवातीला कुणी काय तपासलं नाही, मंग टॅक्स भरणाऱ्यांना तहसीलकडून वसुलीच्या नोटिसा आल्या, तेव्हा गावातल्या काही मोठ्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. पोर्टलवर गावनिहाय लाभार्थ्यांची यादी उघडी आहे, राज्य जिल्हा तालुका गाव निवडलं की पूर्ण यादी समोर, कुणाला मिळतं कुणाला नाही. पारावर बसून ती यादी वाचायचा कार्यक्रम आमच्याकडं होतो. उपयोग पण आहे तिचा आणि भांडणं पण लावते ती.

पण ज्या अटीनं जीव जातो ती वेगळीच आहे. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी तुमच्या नावावर पाहिजे. त्यानंतर नावावर झाली असेल तर फक्त एकच वाट, वारसा हक्कानं, म्हणजे जमीनवाला वारल्यावर. बापानं जिवंतपणी समजूतदारपणे पोरांना वाटणी करून दिली, फेरफार झाला, सातबारा वेगळे झाले, पोरं वेगळी चूल करून राबायला लागली, तर ती पोरं योजनेत बसत नाहीत. बाप मेला तरच पोरगा शेतकरी. आमच्याकडं एका माणसानं तोंडावर म्हटलंय बापाला, तुम्ही घाई केली वाटणीची म्हणून, आणि बाप हसला, पण ते काय हसण्यासारखं नव्हतं. पहिल्यांदा तारीख ठरवताना कारण होतं हे मला कळतं, लोकांनी दोन हजारासाठी रातोरात सातबारे फोडले असते. पण मूळ नियमातच ती तारीख पाच वर्षांसाठी म्हटलेली होती, पाच वर्षं कधीच उलटली आणि तारीख जागची हलली नाही. २०१९ ला बारावीत असलेलं पोरगं आज दोन लेकरांचा बाप आहे आणि सरकारच्या हिशोबानं तो शेतकरी नाही.

आणि कुटुंबाला एकच, नवरा-बायको आणि अठरा वर्षाखालची लेकरं मिळून एक. हे पहिल्यापासून होतं पण २०२५ मध्ये कडक झालं, नवरा-बायको दोघांना येत होतं त्यांचे आणि २०१९ नंतर जमीन घेतलेल्यांचे हप्ते तपासणी होईपर्यंत रोखून धरले. आता आमच्याकडं बाईच्या नावावर जमीन मुळात कमी, जिच्या नावावर होती तिच्या खात्यावर दोन हजार यायचे, ते तिचे होते, तिनं त्यात काय घ्यायचं ते तिचं. दोघांतलं एक बंद करा म्हटल्यावर कुणाचं बंद झालं असेल हे सांगायची गरज नाही.

आणि बटईनं, खंडानं करणारा तर कुठंच नाही. जमीन मालकाची, तो पुण्यात वाघोलीत फ्लॅट घेऊन राहतो, पेरतो दुसरा, फवारतो दुसरा, पावसात भिजलेल्या गंजीला ताडपत्री टाकायला रात्री पळतो दुसरा, आणि सन्मान निधी वाघोलीला जातो. नियमानं बरोबर आहे, सातबाऱ्यावर नाव त्याचं. तोंडी व्यवहार आहे, कागद कुणी करत नाही कारण मालकाला कूळ लागायची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागायची भीती. यावर तोडगा सोपा नाही हे मला मान्य आहे, पण मंग योजनेच्या नावात शेतकरी म्हणू नका, सातबारावाला म्हणा.

नमोचं थोडक्यात. नमो शेतकरी महासन्मान निधी, राज्याचा, २०२३ च्या मार्च बजेटमध्ये आला, अजून सहा हजार, तसेच तीन हप्ते. पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये शिर्डीहून सुटला. वेगळा अर्ज नाही, वेगळी केवायसी नाही, पीएम किसानच्याच यादीवर चालतो, हे सगळ्यात चांगलं आणि हेच सगळ्यात वाईट, कारण तिकडं एक ‘नो’ आला की इकडं पण बोंब, एका दगडात दोन हप्ते. वेळेचं म्हणाल तर वेळापत्रक असं काय नाहीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये यवतमाळला पीएम किसानचा सोळावा आणि नमोचा दुसरा-तिसरा एकदमच सोडले, खात्यावर एका दिवसात सहा हजार. मंग ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमहून अठरावा आणि नमोचा पाचवा. दोन्ही वेळी पुढं कुठलं इलेक्शन होतं ते तुम्हीच आठवा. विधानसभेच्या वेळी महायुतीच्या जाहीरनाम्यात बाराचे पंधरा हजार करू म्हटलं होतं, आम्ही अजून बाराचाच हिशोब लिहितोय. पीएम किसानचा विसावा जूनमध्ये येईल येईल म्हणून यूट्यूबवाल्यांनी रोज थंबनेल टाकले, आला २ ऑगस्ट २०२५ ला. पेरणीच्या आधी दोन हजार आले तर त्याची डीएपी खताची एक बॅग येते, १३५० ची, आणि वर थोडं उरतं. ऑगस्टमध्ये आले तर फवारणीत जातात. पैसे तेवढेच, पण पेरणीच्या तोंडावर ते नसले की दुकानदाराकडं उधारीवर बॅग घ्यावी लागते आणि उधारीचा भाव वेगळा असतो. तारीख ठरवून द्या एवढीच मागणी आहे माझी, एक जून म्हणा, एक ऑक्टोबर म्हणा, कार्यक्रम आणि स्टेज नंतर करा पाहिजे तेवढे.

आता कापूस-सोयाबीन अर्थसहाय्य. २०२३ च्या खरिपात पाऊस ओढला, भाव पडले, म्हणून राज्यानं हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि वीस गुंठ्याच्या आत सरसकट एक हजार असं ठरवलं. जीआर निघाला जुलै २०२४ ला, पैसे वाटायला सुरुवात सप्टेंबर २०२४ च्या शेवटी. म्हणजे ज्या सोयाबीनचं अनुदान ते सोयाबीन विकून, खाऊन, त्याच्या पुढचं सोयाबीन काढणीला आलं होतं. अट काय तर २०२३ ची ई-पीक पाहणी पाहिजे. ई-पीक पाहणी म्हणजे शेतात उभं राहून ॲपमध्ये आपल्या पिकाचा फोटो टाकायचा, २०२१ पासून आहे, कल्पना उत्तम आहे, तलाठ्यानं घरी बसून सगळ्या शिवाराला सोयाबीन लिहायचे ते दिवस गेले. पण ज्या शेतात रेंज नाही तिथून फोटो कसा चढणार, आणि साठीच्या पुढचा माणूस साध्या बटणाच्या फोनवर काय करणार. नंतर ओरड झाल्यावर सातबाऱ्यावर तलाठ्याकडं पीक लागलेलं असेल तर चालेल म्हणून सूट दिली, तोपर्यंत लोकांनी अर्धी आशा सोडली होती.

खरी गंमत सामाईक खातेदारांची. एका सातबाऱ्यावर चार भाऊ, दोन बहिणी, एक वारलेला चुलता. पैसे एकाच्याच खात्यावर येणार, म्हणून बाकी सगळ्यांचं ना हरकत, स्वतःचं संमतीपत्र, आधारची झेरॉक्स कृषी सहायकाकडं द्या. आता बहिणी दिल्या उमरग्याला आणि निलंग्याला, एक भाऊ भिवंडीला पॉवरलूमवर, आणि चुलत्याचा वारस फेरफार झालेलाच नाही. पाच-दहा हजारासाठी सह्या गोळा करता करता जुनी वाटणीची भांडणं उकरून निघाली, एका घरात तर बहीण म्हणाली सही देते पण आधी आईच्या पाटल्यांचं सांगा. ते अनुदान त्या घराला शेवटी मिळालं का मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही. दोन स्टार दिलेत ते हेक्टरी पाच हजार ही रक्कम बरी होती म्हणून, नाहीतर एकच होता.

अतिवृष्टीचं २०२५ चं. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जे झालं ते बाहेरच्यांनी फोटोत बघितलं असेल, आमच्याकडं मांजरा, तेरणा काठच्या जमिनी नुसत्या बुडाल्या नाहीत तर खरडून गेल्या, वरची माती गेली, खाली मुरूम उघडा. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटीचं पॅकेज जाहीर झालं, कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, तीन हेक्टरपर्यंत, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार वेगळे. आकडा मोठा वाटतो ऐकायला. पण मधल्या काळात हेच कोरडवाहूचे दर राज्यानं १३,६०० केले होते ते परत खाली ८,५०० वर आणले होते, हे पॅकेजच्या भाषणात कुणी सांगितलं नाही. पैसे मिळायची पद्धत अशी की पंचनामा झाल्यावर तुमच्या नावापुढं एक व्हीके नंबर पडतो, म्हणजे विशिष्ट क्रमांक, ती यादी गावात लागते, तो नंबर घेऊन सेवा केंद्रात केवायसी करायची, मंग पैसे. यावेळी ज्यांचा फार्मर आयडी (त्याचं पुढं सांगतो) काढलेला होता त्यांना केवायसीतून सूट दिली, हा निर्णय एकदम बरोबर होता, सेवा केंद्रावरच्या रांगा तुटल्या. आम्हाला आधी हेक्टरी पैसे आले आणि बियाण्याचे नंतर, तोपर्यंत हरभरा उसनवारीच्या बियाण्यावर पेरून झाला होता. पण आले. पंचनाम्यात बांधाबांधाला फरक का पडतो, याचं सगळं गेलं आणि त्याच्या शेजारच्याचं निम्मंच कसं गेलं, ते मात्र नदीला विचारावं लागेल.

फार्मर आयडीबद्दल लोक कटकट करतात पण मला ती गोष्ट पटलेली आहे. ॲग्रीस्टॅक म्हणजे शेतकऱ्यांची डिजिटल नोंदणी, तिच्याखाली प्रत्येकाला एक नंबर, आधार आणि सगळे गट एकाच ठिकाणी जोडलेले, एप्रिल २०२५ पासून राज्यात योजनांना कंपल्सरी. काढताना सर्व्हरनं छळलं, ओटीपी यायचा तो दहा मिनिटांनी आणि तोपर्यंत त्याचा टाइम संपलेला. पण एकदा झाला की प्रत्येक योजनेला परत सातबारा-आठ अ-आधार-पासबुकची झेरॉक्स लावायची सुटका. झेरॉक्सवाल्याचा धंदा बसला बिचाऱ्याचा.

पीक विम्याला स्टार दिलेले नाहीत कारण ती वेगळीच भानगड आहे, एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपात आला, बोगस अर्जांनी बदनाम झाला आणि २०२५ च्या खरिपापासून गेला. आता परत खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला पाच टक्के हप्ता आपल्या खिशातून, आणि भरपाई २०२५ ला फक्त कापणी प्रयोगावर ठेवली, म्हणजे महसूल मंडळातल्या काही शेतांत पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर. माझ्या एकट्याच्या शेतात पाणी थांबलं आणि मंडळाचं उत्पन्न बरं निघालं की मी कोरडा, म्हणजे ओला.

आता ज्याच्यामुळं साडेतीनच्या वर स्टार जात नाहीत तो हिशोब. पीएम किसान २०१८-१९ पासून सहा हजार आहे तो सहाच हजार आहे. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव ३,३९९ होता, २०२५-२६ ला सरकारनं स्वतः ५,३२८ केला, म्हणजे खर्च वाढला हे सरकारलाच मान्य आहे, दीडपटीच्या वर. मंग हप्ता तेवढ्यावरच का. आणि दुसरं त्याहून टोचणारं आहे. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याचं मशीन, बारदाना नाही, नंबर लागायला वेळ, म्हणून बहुतेकांनी आडतीवर दिलं, भाव चार हजार ते बेचाळीसशे. बेचाळीसशेनं धरा, क्विंटलमागं ६९२ रुपये कमी. वीस क्विंटल विकलेल्या माणसाचे १३,८४० गेले. पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाचे बारा हजार. पुढचं तुम्ही करा वजाबाकी.

आमच्या सीमेवर नांदेडच्या बाजूला धर्माबाद, बिलोलीकडं पाव्हण्यांकडं गेलं की ते लोक तेलंगणाचं सांगतात, तिकडं २०१८ पासून रयतू बंधू, एकरी चार हजार हंगामाला, मंग पाच झाले, नाव बदलून आता रयतू भरोसा आणि एकरी सहा हजार. एकरी आणि हंगामाला, लक्षात घ्या. चार एकरवाल्याचे वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार होतात. ऐकून तोंडाला पाणी सुटतं, पण पन्नास एकरवाल्याला पण एकरीच मिळायचं ही बोंब तिकडं पण होतीच, आणि बटईवाला तिकडं पण बाहेरच होता. आमचा सरसकट प्रकार निदान दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला एका रांगेत उभं करतो, त्यात दोन एकरवाल्याला हिशोबानं जास्त पडतं. हे मला आवडतं, आमच्या गावात हे कुणाला पटत नाही.

नवीन माणसांसाठी कामाचं. हप्ता सुटायच्या आठ दिवस आधी स्टेटस बघा, सुटल्यावर बघून उपयोग नाही. बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नका, लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआयला (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) सीड असणं वेगळं, ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालंय त्याच खात्यावर पैसे जातात, पोराच्या कॉलेजला उघडलेल्या खात्याला सीड झालं असेल तर पैसे तिकडंच पडलेले असतात आणि आपण इकडं बोंबलत असतो. बँकेत सीडिंग होईना तर पोस्टमनला सांगून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं काढा, तिथं पटकन होतं. थकीत कर्जाचं खातं हप्त्यासाठी देऊ नका, अनुदान कर्जात वळतं करू नका असं बँकांना वरून दरवेळी सांगतात पण होल्ड लागलेला मी डोळ्यानं बघितलाय. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाईल आली तर उघडू नका, खातं साफ होतं, ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. आणि कागद देताना दोन प्रती न्या, एकीवर आवक-जावकचा शिक्का मागा. देत नाहीत, तरी मागा.